जुनं नुकसान वेगळं लिहा

गॅरेजवाले माझ्यामागे मला फूटपट्टी म्हणतात आणि तोंडावर ताई. दोन्ही मला चालतं. बावीस वर्षं मी मोडक्या गाड्यांना टेप लावते आहे आणि फूटपट्टीचा एक गुण माझ्यात नक्की आहे, मी वाकत नाही. हा गुणच आहे असं मला त्या सकाळपर्यंत वाटायचं.

माझं काम सांगायला सोपं आहे. कुणाची गाडी फुटली की विमा कंपनी मला पाठवते. मी बघते, मोजते, फोटो काढते आणि ती कशी फुटली ते लिहून देते. कंपनी माणसाच्या तोंडावर विश्वास ठेवत नाही, माझ्या कागदावर ठेवते. माझ्या पहिल्या साहेबांनी मला दोन गोष्टी शिकवल्या होत्या. एक, फुटलेल्याचा फोटो शेवटी. "आधी शाबूत काय आहे ते दाखव," ते म्हणायचे, "नाहीतर फुटलंय किती ते कळणार कसं?" म्हणून आधी गाडीचे चार कोपरे, मग नंबरप्लेट, मग चेसिस नंबर, मग मीटर आणि सगळ्यात शेवटी जखम. दुसरी गोष्ट, जुनं नुकसान आणि नवं नुकसान एकत्र करायचं नाही. लोक पाच वर्षांचे पोचे कालच्या अपघातात घुसडतात. त्यामुळे माझ्या फॉर्मवर दोन रकाने असतात, नवं आणि जुनं. क्लेम फक्त नव्याचा मिळतो. जुनं लिहायचं, पण वेगळं.

तिसरी गोष्ट मी ठेच लागून शिकले. एका गृहस्थानं आपला आरसा मीच फोडला असा कांगावा केला होता. तेव्हापासून मी फोन एका छोट्या स्टँडवर लावून अवजारांच्या ट्रॉलीवर ठेवते आणि सर्व्हे सुरू झाल्यापासून संपेपर्यंत व्हिडिओ चालू ठेवते. फोटोंसाठी कॅमेरा वेगळा.

त्या दिवशी अकराच्या सुमारास मी मिस्त्रींच्या गॅरेजात पोचले. मिस्त्री पंधरा वर्षांपासून माझ्या ओळखीचे. मी जितकी बोलते तितके ते गप्प असतात, त्यामुळे आमचं छान जमतं. गाडी आतल्या बाजूला उभी होती. पांढरी, उंच, चार महिन्यांची. मागच्या सीटवरचं प्लास्टिकसुद्धा अजून निघालं नव्हतं. छतावर सनरूफच्या जागी भोक होतं आणि त्यावर प्लास्टिकचा कागद चिकटपट्टीनं लावलेला होता.

क्लेममध्ये लिहिलं होतं ते असं: गाडी दुपारी ऑफिसच्या उघड्या पार्किंगमध्ये उभी होती. शेजारी इमारतीचं काम चालू होतं. वरून विटेचा तुकडा पडला आणि सनरूफची काच फुटली. त्या वेळी गाडीत पत्नी बसलेली होती, तिच्या हाताला थोडं लागलं. तो विटेचा तुकडाही एका पिशवीत घालून पुरावा म्हणून आणून ठेवला होता.

नवराबायको दोघंही आले होते. तो उंच, कडक इस्त्रीचा शर्ट, गोड बोलणारा. ती बारीक, एवढ्या उकाड्यात पूर्ण बाह्या आणि गळ्यापर्यंत बटणं. उजव्या तळहाताला पट्टी. ती त्याच्यापासून एक पाऊल मागे उभी होती आणि तो हलला की तीही तेवढीच हलत होती. मला ते दिसलं. मला सगळं दिसतं, तोच तर माझा धंदा आहे. पण मी गाडी बघायला आले होते.

गाडी कागदावर तिच्या नावावर होती. असं बरेच लोक करतात, का करतात ते मी विचारत नाही. मी फॉर्म तिच्या हातात दिला.

"जबाब मालकानं स्वतःच्या हातानं लिहायचा असतो," मी म्हटलं.

तो हसला. "मालक मीच हो, मॅडम. हिचं नाव आपलं नुसतं कागदावर."

"मला कागदच लागतो."

ती लिहायला लागली. पट्टीच्या हातात पेन धरताना तिचा ओठ आत ओढला जात होता. तो तिच्या खांद्यावरून वाकून सांगत होता, "वरून वीट पडली, असं लिही. मोठा आवाज झाला, लिही." मी म्हटलं, जबाब सांगून लिहवत नाहीत. तो म्हणाला, "तिला सुचत नाही हो काही. शाळेतल्या पोरीसारखं सांगावं लागतं."

मी कामाला लागले. चार कोपरे झाले, नंबर झाले, मीटर झालं. मागच्या बंपरवरचा जुना ओरखडा वेगळा लिहिला, जुन्याचं मिळत नाही असं मिस्त्रींना म्हटलं. मिस्त्रींनी प्लास्टिकचा कागद काढला. मी छतावर बघितलं, आत बसून बघितलं, चारही सीटवर बसून बघितलं. पहिल्या पाच मिनिटांतच माझ्या लक्षात आलं होतं की वीट-बीट काही पडलेली नाही. पण आमचा एक नियम आहे. निष्कर्ष जागेवर बोलायचा नाही. घरी जायचं, लिहायचं, पाठवून द्यायचं. भांडणं टाळण्यासाठी हा नियम आहे आणि बावीस वर्षं मी तो पाळला होता.

मग तो मिस्त्रींशी बोलायला लागला. माझ्याशी नाही, मिस्त्रींशी. पण मला ऐकू जाईल असं.

"काय हो मिस्त्री, पुरुष कुणी नव्हता का पाठवायला? एक काच गेलीय, दिसतंय समोर भोक. अर्धा तास झाला, बाई टेपच लावतायत. बाईंना सनरूफ म्हणजे काय ते तरी माहीत आहे ना?"

मिस्त्री हातातल्या पान्याकडे बघत राहिले.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. राग माझ्या नाकावरच असतो, घरचेही तेच म्हणतात. मी कॅमेरा गळ्यात अडकवला आणि म्हटलं, "या इकडे. सनरूफ म्हणजे काय ते सांगते."

आणि मी सांगत सुटले. अजूनही तो व्हिडिओ बघवत नाही मला. माझा आवाज त्यात किती खूश आहे.

"वरून काही पडलं तर काच आत सांडते. इथं निम्म्याहून जास्त तुकडे बाहेर आहेत. हे बघा छतावरच्या पन्हाळीत, हे मागच्या काचेच्या कडेला, हे वायपरखाली. आतला पडदा फाटलेला नाही. तो हातानं मागे सरकवलाय. भर दुपारी उन्हात बसलेला माणूस पडदा उघडतो का? वीट पडली म्हणता, तर विटेला काचेची पूड लागली असती. हा तुकडा स्वच्छ आहे. आणि ही पुढच्या सीटची, डोकं टेकायची उशी. उलटी बसवलीय. कुणीतरी ती उपसली आणि घाईत परत घातली. हिच्या खालच्या दोन दांड्या बघा, खाचांमध्ये पांढरं दिसतंय ना? काच आहे ती. ही काच वरून फुटलेली नाही. आतून फोडलीय. या दांड्यांनी, आठ-दहा घाव घालून."

त्याच्या चेहऱ्यावरचं हसू उतरलं. मला वाटलं, जिरली. मला अजून चेव आला.

"एवढंच नाही. या भोकातून कुणीतरी बाहेर पडलंय. हे छतावर गुडघ्याचे ओरखडे आहेत, गुडघ्याखाली काच आली की असे उठतात. हे इकडून बाहेर गेलेत. आणि हे दुसरे..." मी वाकून बघितलं. गणित सुटत आलं की शाळेतलं पोर जसं भान विसरतं, तसं माझं झालं होतं. "हे उलट दिशेचे आहेत. म्हणजे जे बाहेर पडलं ते परत आत गेलं."

मग मी मान वर केली.

तो माझ्याकडे बघतच नव्हता. तो तिच्याकडे बघत होता. आणि ती स्वतःच्या तळहातावरच्या पट्टीकडे बघत होती.

उचलली जीभ, लावली टाळ्याला. हे मी आयुष्यभर दुसऱ्यांना ऐकवत आले.

"तू म्हणालीस वीट पडली," तो म्हणाला. आवाज अगदी हळू.

"श्वास येत नव्हता," ती म्हणाली.

"वीस मिनिटांत येतो म्हणालो होतो ना मी?"

"दोन तास झाले होते."

या जातीच्या गाड्या रिमोटनं बाहेरून दोनदा बंद केल्या की आतूनही उघडत नाहीत. चोरानं काच फोडून आत हात घातला तरी दार उघडू नये म्हणून ती सोय असते. मला ते माहीत होतं. तरी ते माझ्या डोक्यात आता उतरलं, सगळं बोलून झाल्यावर. भर उन्हात त्यानं तिला गाडीत कोंडलं होतं. ती गुदमरली, तिनं काच फोडली आणि वीट पडली म्हणून सांगितलं. त्याचा विश्वास बसला होता. त्यानं खरोखरच क्लेम टाकला होता. त्या खोट्यावर ती तीन दिवस जिवंत होती आणि ते मी टेप लावून, मोजून, फोडलं होतं.

"मॅडम, झालं ना तुमचं?" तो मला म्हणाला. परत तोच गोड आवाज. "मग आम्ही निघतो." आणि तिला म्हणाला, "बस गाडीत."

ती गेली आणि बसली.

"गाडी हलवता येणार नाही," मी म्हटलं. "सर्व्हे पूर्ण झालेला नाही." माझा आवाज मलाच ओळखू आला नाही. तो दुसऱ्या बाजूनं आत बसला. दार लावलं. कुलपांचा खट्‌ असा आवाज झाला, चारही दारांचा एकदम.

त्यानं गाडी चालू केलीच नाही. त्यानं तिचे केस मनगटाभोवती एक वेढा देऊन गुंडाळले, नीट, सवयीनं, आणि तिचं तोंड समोरच्या डॅशबोर्डवर आपटलं. एकदा. मी दाराची कडी ओढत होते. दुसऱ्यांदा आपटलं तेव्हा डॅशबोर्डवर लाल उमटलं. तिसऱ्यांदा आपटलं तेव्हा तिनं हात मध्ये घालायचंही सोडून दिलं होतं. मी गाड्यांत रक्त शेकडो वेळा बघितलंय, वाळलेलं, काळं पडलेलं, मोजायचं. ते होताना जो आवाज येतो तो मी कधी ऐकला नव्हता.

मिस्त्री काचेवर मुठी मारत ओरडत होते. पंधरा वर्षांत मी त्या माणसाचा आवाज चढलेला ऐकला नव्हता.

"फोडायची होती ना?" तो आत म्हणत होता. वर भोक होतं, त्यामुळे शब्दन्‌शब्द ऐकू येत होता. "माझी गाडी फोडायची होती ना तुला? ये, बघ वर." त्यानं तिला केसांनी उचललं आणि तिचं डोकं सनरूफच्या चौकटीत कोंबलं, जिथं काचेचे दात अजून रबराला धरून होते. तिचं कपाळ त्यावर घासून वर आलं. तिचे डोळे उघडे होते. ती माझ्याकडे बघत होती आणि त्या नजरेत मदत मागणंसुद्धा नव्हतं.

मी चाकावर पाय दिला आणि बॉनेटवरून छतावर चढले. माझ्या गुडघ्यानं तिथं पोचा पडला, तो माझ्या रिपोर्टात आहे. मिस्त्रींनी खालून माझ्या हातात चाकाचा पाना दिला, लांब दांड्याचा. मी धमकी देऊ शकले असते. "सोड, नाहीतर..." असं म्हणता आलं असतं. मी नाही म्हटलं. भोकातून मला त्याचं मनगट दिसत होतं, केसांचा वेढा आणि घड्याळ. मी त्या मनगटावर पाना घातला. पहिल्या घावाला घड्याळ फुटलं. दुसऱ्या घावाला हाड मोडलं, ते मला हातातल्या पान्यातून कळलं. त्यानं किंचाळून केस सोडले आणि ती खाली कोसळली. मग मी तिसरा घाव घातला. तो गरजेचा नव्हता. तो मी स्वतःसाठी घातला, ते मी पोलिसांनाही सांगितलं आणि इथंही सांगते.

मिस्त्रींनी हातोड्यानं त्याच्या बाजूची काच फोडली. त्याच्या खिशातला रिमोट काढून कुलपं उघडली, त्याला गळपट्टीनं धरून बाहेर ओढलं आणि फरशीवर पालथा पाडला. तो लाथा झाडत होता. मिस्त्रींनी त्याच्या पाठीवर गुडघा ठेवला, हाडं वाजेपर्यंत दाबला आणि गाडी ओढायच्या पट्ट्यानं त्याचे पाय बांधले. मोडक्या हाताला मात्र त्यांनी धक्का लावला नाही. मी असते तर लावला असता.

फरशीवर गाल टेकवून तो म्हणाला, "घरी चल तू. घरी चल, मग बघतो."

आणि ती, सीटवर आडवी, तोंडात रक्त, म्हणाली, "हो."

त्या "हो"ला पाना पडला हातातून.

आम्ही तिला बाहेर काढून मिस्त्रींच्या केबिनमध्ये स्टुलावर बसवलं. मी पोलिसांना आणि अँब्युलन्सला फोन केला. दोघांनीही वीस मिनिटं म्हटलं. मिस्त्री बाहेर त्याच्यावर लक्ष ठेवून बसले, केबिनकडे पाठ करून. मी स्वच्छ फडकं ओलं करून तिच्या कपाळाला लावलं. काचेचे चार बारीक तुकडे निघाले. 

"माझ्यामुळं झालं हे," मी म्हटलं. "मला गप्प बसायला हवं होतं."

"तुम्हाला काय माहीत," ती म्हणाली. मग म्हणाली, "उशी उलटी बसली होती का?"

"हो."

"मला वाटलंच होतं काहीतरी राहिलंय म्हणून."

मला राहवलं नाही. "बाहेर पडली होतीस ना गं तू? मग परत आत का गेलीस?"

तिनं माझ्याकडे बघितलं, मी काहीतरी वेड्यासारखं विचारल्यासारखं. "यांनी आत बसवलं होतं ना. आले आणि मी आत नाही असं दिसलं असतं तर? मी खाली उतरले, विटेचा तुकडा घेतला आणि परत वर चढून आत बसले. मग वाट बघत बसले."

"हॉर्न का नाही वाजवलास?"

"लोक आले असते. चारचौघांत यांची शोभा झाली असती. मग घरी..."

"आणि उतरली होतीस तेव्हा पळून जायचं."

"कुठं?"

"आहे कोण तुझं?"

"मोठी बहीण आहे. चार तासांवर राहते. तीन वर्षं बोलणं नाही, यांना आवडत नाही म्हणून." ती फडक्यावरचं रक्त बघत होती. "पोलीस येतील, म्हणतील नवराबायकोचं आहे. गेल्या खेपेलाही तेच म्हणाले. पुरावा काय, म्हणाले. समज देऊन सोडलं यांना. त्या रात्री..." तिनं कॉलरच्या बटणाला हात लावला आणि काढून घेतला. "आज पण तेच होणार. मग मला घरी जावं लागणार."

बाहेरून त्याचा आवाज येत होता. तो वकिलाचं नाव घेत होता, माझं लायसन्स घेईन म्हणत होता आणि मध्येच, तेवढ्याच सहज, तिला हाक मारत होता.

तिची नजर माझ्या गळ्यातल्या कॅमेऱ्यावर गेली.

"तुमचा कागद मानतात ना हो?" तिनं विचारलं.

"मानतात."

"कोर्टात पण?"

"कोर्टात पण. मी सात वेळा साक्ष दिलीय."

"मग गाडीचे काढलेत तसे माझे काढा."

मी दार लोटून घेतलं. टेप काढली, खिशातलं एक नाणं काढलं; जखमेशेजारी नाणं ठेवलं की फोटोत तिचा आकार कळतो. कोरा फॉर्म काढला. काम हातांना पाठ होतं. चारही बाजूंनी उभी करून तिचे चार फोटो घेतले. मग मी नेहमीचं म्हटलं, "आधी शाबूत काय आहे ते."

ती विचारात पडली. खरोखरच पडली. तोंड नाही. हात नाहीत. तिनं एका कानाला हात लावला आणि मान हलवली. मग खाली बघितलं.

"पाय," ती म्हणाली. "पावलं चांगली आहेत."

मी तिच्या पावलांचा फोटो काढला. नाणं शेजारी ठेवून.

मग तिनं बटणं काढली. बावीस वर्षांत माझ्या हातून फॉर्मवर कधी टिपूस पडलं नव्हतं, त्या दिवशी पडलं. मी पुसलं आणि पुढे लिहीत गेले. कपाळ, नाक, वरचा ओठ, दोन दात, नवं. दंडावर पिवळी पडलेली चार बोटं. पाठीवर पट्ट्याच्या कडीचा ठसा, एकावर एक तीन. गळ्याचं हाड वाकडं जुळलेलं.

"हे कधीचं?"

"हे जुनं आहे. दोन वर्षं झाली." मग ती घाईनं म्हणाली, "जुनं धरत नाहीत ना? तुम्ही मिस्त्रींना सांगत होतात मघाशी. जुनं मिळत नाही म्हणून."

"गाडीचं मिळत नाही," मी म्हटलं. "पण वेगळं लिहितात. लिहितातच."

तिला तारखा पाठ होत्या. एकही अडखळली नाही. नव्याच्या रकान्यात नऊ ओळी झाल्या, जुन्याच्या रकान्यात बावीस. जागा संपली म्हणून मी कागद उलटा केला.

शेवटचा रकाना असतो नुकसानीच्या कारणाचा. गळ्याच्या हाडापुढे मी विचारलं, "कारण?"

"पडले," ती म्हणाली. पटकन. तोंडात बसलेलं.

मी फॉर्म तिच्यापुढे सरकवला आणि पेन दिलं.

"जबाब मालकानं स्वतःच्या हातानं लिहायचा असतो."

ती बराच वेळ त्या रिकाम्या चौकटीकडे बघत बसली. बाहेर गाडी थांबल्याचा आवाज आला, दारं वाजली. तिनं पट्टीच्या हातात पेन धरलं आणि लिहिलं: नवऱ्यानं दारात चेमटून. मग पुढची ओळ. मग त्याच्या पुढची. एकतीस वेळा लिहिलं तिनं, आणि पोलीस केबिनच्या दारात उभे होते तरी थांबली नाही.

पोलीस अधिकारी वयस्कर होते, कंटाळलेले. नवऱ्यानं फरशीवरूनच सुरुवात केली, या बाईनं माझा हात मोडला, त्या मिस्त्रीनं मला बांधलं, आणि माझ्या बायकोनं माझी गाडी फोडली, तिचं डोकं ठिकाणावर नाही.

"गाडी कुणाची?" अधिकाऱ्यांनी विचारलं.

मी कागद दाखवला. "हिची."

मग मी ट्रॉलीवरचा फोन उचलला. व्हिडिओ चालूच होता. अधिकाऱ्यांनी उभ्याउभ्या बघितला, सगळा. माझी फुशारकी, तो डॅशबोर्ड, तो पाना, तिसरा घाव. तिसऱ्या घावाला त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, हो, तो मीच घातला, येते मी जबाबाला. मग त्यांनी तिचा फॉर्म घेतला. पहिलं पान वाचलं. उलटून दुसरं वाचलं. वाचताना त्यांनी टोपी काढून बगलेत धरली. ती का काढली ते त्यांनाही माहीत नसावं.

"हे सगळं तुम्ही स्वतः लिहिलंत?" त्यांनी तिला विचारलं.

"हो," ती म्हणाली. या वेळचं "हो" वेगळं होतं.

गाडीचा फॉर्म अजून अर्धाच होता. तो मी बॉनेटवर ठेवून तिथंच पुरा केला. कारणाच्या रकान्यात लिहिलं: काच मालकानं आतून फोडली, कारण आत माणूस गुदमरत होता. कंपनीला हवं ते करू दे.

अँब्युलन्स एकच आली होती. त्याला स्ट्रेचरवर घेतलं, एक शिपाई बरोबर बसला. दार लागता लागता तो मान उचलून तिला म्हणाला, "ऐकतेयस ना? घरी चल."

ती मिस्त्रींच्या केबिनच्या दाराला धरून उभी होती. मला तिचा गळा हलताना दिसला. मला वाटलं, आता म्हणते. तिनं काहीच म्हटलं नाही. अँब्युलन्सचं दार लागलं.

तिला दवाखान्यात मी नेणार होते. अधिकारी मागून येणार होते. वाटेत तिच्या बहिणीला फोन लावायचा असं ठरलं होतं, नंबर तिला पाठ होता. माझी गाडी जुनी आहे, तेरा वर्षांची, चारही बाजूंनी पोचे. मी दार उघडून धरलं तर ती आत न बसता उभीच राहिली.

"काचा खाली ठेवाल?" तिनं विचारलं.

मी चारही काचा खाली केल्या. ती बसली. मी स्टिअरिंगवर बसले, किल्ली लावली.

"दार आतून उघडतं ना?"

"बघ उघडून."

तिनं कडी ओढली. दार उघडलं. तिनं लावलं. परत उघडलं, परत लावलं. मी इंजिन चालू केलं नाही. तिनं आणखी दोनदा उघडून बघितलं, मग हात मांडीवर ठेवला आणि म्हणाली, "चला."